रडू आले का? असल्यास कोठे?

गल्लीतून लाउडस्पीकर लावलेली रिक्षा जायला लागली की मी आजही उठून खिडकी लावून घेते. घरच्यांना वाटतं, मला आवाज सहन होत नाही. आवाज मला चांगला सहन होतो. आमचं जळगावचं घर बाजाराच्या तोंडाशीच होतं. सहन होत नाही तो राग. इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे, म्हणून तो कुणावर काढताही येत नाही.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी मराठी घेऊन एम.ए. झाले होते आणि नोकरीची वाट बघत घरी बसले होते. घरोघरी केबलच्या तारा ओढल्या जात होत्या आणि टॉकीजवाले हवालदिल झाले होते. अशात कॉलेजातल्या एका सरांनी निरोप दिला की मुंबईची एक कंपनी सिनेमाचा सर्व्हे करणार आहे, त्यांना अहिराणी समजणारी शिकलेली मुलगी हवी आहे. माझी आई धुळ्याकडची. एरवी ती आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलायची आणि चिडली की अहिराणीत यायची. ती बरेचदा चिडायची, त्यामुळे माझी अहिराणी पक्की होती.

मुंबईहून आलेले साहेब पस्तिशीचे होते. जळगावच्या उन्हातही त्यांनी टाय सोडला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून कंपनीचं शास्त्र समजावून सांगितलं. पूर्वी निर्माते आणि वितरक अंदाजाने पिक्चर विकायचे, कुठे चालला, कुठे पडला, देवाच्या भरवशावर. आता तसं नाही. पिक्चर लागायच्या आधीच निवडक लोकांना फुकट दाखवायचा, त्यांना काय आवडलं ते नोंदवायचं, आणि त्याप्रमाणे त्या त्या भागात जाहिरात करायची. “आपण लोकांना विचारतो,” ते म्हणाले, “आणि लोकांनी जे सांगितलं तेच लोकांना विकतो.” मला ते वाक्य फार हुशारीचं वाटलं होतं. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

फॉर्म गुलाबी कागदावर छापलेला होता. बारा प्रश्न. वय, तालुका, शिक्षण, नायक आवडला का, गाणी आवडली का. सातवा प्रश्न होता, ‘रडू आले का? असल्यास कोठे?’ साहेबांचा सगळा जीव त्या सातव्या प्रश्नात होता. पिक्चर कौटुंबिक होता आणि बायका रडल्या तर तो चालणार, हे त्यांचं गणित.

जळगावच्या एका टॉकीजमध्ये दुपारी फक्त बायकांसाठी खेळ ठेवला. आसपासच्या तालुक्यांतून, ओळखीपाळखीतून बायका बोलावल्या. दारात हळदीकुंकू, प्रत्येकीला कुंकवाची छोटी डबी, इंटरव्हलला चहा. साहेबांना वाटलं, ही आपली युक्ती. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं की आमच्याकडे दारात कुंकू लावून आत बसवलं, चहा पाजला, की तो पाहुणचार होतो. आणि पाहुणचार घेऊन उठताना भाजी खारट होती असं कुणी म्हणत नाही. ज्यांचा चहा प्यायला त्यांच्या पिक्चरला नाव ठेवायचं, एवढी आमची कुणी बेअदब नाही.

त्यामुळे सगळे फॉर्म सारखे आले. पिक्चर चांगला, नायक चांगला, नायिका चांगली, खलनायकसुद्धा चांगला. एक म्हातारी पहिल्या गाण्यापासून घोरत होती, ती शेवटच्या घंटेला जागी झाली आणि मला म्हणाली, “बठ्ठं चांगलं शे, बाई. चहा बी चांगला व्हता.” बठ्ठं म्हणजे सगळं. रडू आलं का, तर सगळ्यांना आलं. कोठे, तर सगळीकडे. साहेब पहिले काही फॉर्म बघून खूश झाले, आणि गठ्ठा निम्मा वाचून झाल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, बायका भोळ्या आहेत. मी सांगायचा प्रयत्न केला की भोळ्या नाहीत, वळणाच्या आहेत. त्यांनी मान हलवली आणि फॉर्मवर ‘निरुपयोगी’ असा शेरा मारला.

धुळ्यात पुरुषांचा खेळ झाला, तिथे उलटं घडलं. तिथे कुंकू नव्हतं, चहा टपरीवरचा होता, त्यामुळे मंडळी मोकळेपणाने बोलली. पण ती बोलली ते वेगळंच. नायिका एका गाण्यात हिरव्यागार झाडांतून बागडत कापूस वेचते, आणि कापूस वेचणीला आला की झाड असं दिसत नाही, हे तिघांनी मला समजावून सांगितलं. नायकाच्या बैलजोडीतला उजवा बैल लंगडतो आहे आणि हे दिग्दर्शकाला दिसू नये याचं एका काकांना इतकं वाईट वाटलं होतं की ते बाकी पिक्चरबद्दल बोलायलाच तयार नव्हते. मी सगळं लिहून नेलं. साहेब म्हणाले, “याला रकाना कुठे आहे?” खरंच नव्हता. माणसं मनापासून बोलली होती आणि त्यासाठी कागदावर जागा नव्हती. तेव्हाच मला चिडायला हवं होतं, पण मी नव्या नोकरीच्या भरात होते.

मग साहेबांनी टेपरेकॉर्डर आणला. फॉर्ममध्ये बायका खोटं बोलतात, पण गप्पांत बोलणार नाहीत, असं त्यांना वाटलं. जळगावात बायकांचा दुसरा खेळ ठेवला. या वेळी मला आणखी एक काम होतं. कडेच्या खुर्चीवर बसायचं, हातात झाकून धरलेला टॉर्च, आणि कोणत्या प्रसंगाला कोण डोळे पुसतं त्याच्या खुणा करायच्या. इतरांचं रडणं मोजायला मी अंधारात टॉर्च घेऊन बसले होते. हे आज लिहिताना माझे कान गरम होतात. तेव्हा मात्र मी अगदी नेमाने खुणा केल्या.

बहुतेक बायका नायिकेच्या आजारपणाला रडल्या, जिथे व्हायोलिनं वाजत होती तिथे. एक बाई रडली नाही. पंचेचाळिशी उलटलेली, हिरव्या लुगड्यातली, धरणगावकडच्या एका खेड्यातून जळगावला बहिणीकडे आलेली. ती सगळ्या पिक्चरभर ताठ बसून होती आणि एका लहानशा प्रसंगाला तिने पदर तोंडात कोंबला. प्रसंग एवढाच होता की नायिकेची मैत्रीण पिशवी घेऊन माहेरी येते आणि तिचे वडील तिला दारातूनच परत पाठवतात. अर्ध्या मिनिटाचा प्रसंग. तिथे संगीतसुद्धा नव्हतं.

खेळ सुटला, बायका चहाला बाहेर गेल्या, ती बसूनच राहिली. मी शेजारच्या खुर्चीवर टेकले आणि टेपचं बटण दाबलं.

“हाई काय शे, ताई?” तिने विचारलं.

“तुमचं बोलणं नीट लिहून घ्यायला आहे, अक्का. मुंबईच्या ऑफिसात दोन माणसं ऐकतील, बाकी कुणी नाही.”

“गावमा कोनले समजनार नही ना?”

“नाही समजणार,” मी म्हणाले. मी शब्द दिला. इतक्या सहज दिला की दिला हेही मला तेव्हा जाणवलं नाही.

मग ती बोलली. थोरली मुलगी पहूरला दिलेली. सासर वाईट नव्हतं, पण एकदा नवऱ्याने हात उचलला आणि पोरगी रागाने पिशवी घेऊन निघून आली. नेमक्या त्याच दिवशी धाकटीला बघायला पाहुणे आले होते. आत बैठक चाललेली, पोह्यांच्या बशा गेलेल्या. थोरली अशी आलेली पाहुण्यांना दिसली असती तर धाकटीची सोयरीक मोडली असती. म्हणून आईने तिला ओट्यावरच अडवलं आणि त्याच एसटीने परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही, कारण पाणी आणायला आत जावं लागलं असतं. त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या, पोरगी माहेरी आली नव्हती. धाकटीच्या लग्नाला तेवढी आली, तीही अक्षता टाकून, न जेवता गेली.

“मनी अंडेर अशीच उनी व्हती, ताई, पिशवी लिसन,” ती म्हणाली. अंडेर म्हणजे लेक. “मी तिले घरमा पाय ठेवू दिधा नही. ओटावरतीनच परत धाडी दिधं. चुकनू मी. पन आते कोनले सांगू?”

मी तिला म्हटलं, “अक्का, तिलाच सांगा ना.” ती म्हणाली, सांगायचंच आहे. दिवाळी झाली की पहूरला जायचं, हे तिने मनात धरलं होतं. दोन वर्षं ती हे एक वाक्य जुळवत होती.

त्या संध्याकाळी मी टेप लावून सगळं अहिराणीतून मराठीत उतरवलं. ‘मी चुकले’ याच्याखाली मी लाल पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘अत्यंत हृदयस्पर्शी. मूळ आवाज जरूर ऐकावा.’ हे कुणी सांगितलं नव्हतं. मला कळतं हे साहेबांना दाखवायचं होतं. एम.ए.ला पहिला वर्ग मिळवून घरी बसलेल्या मुलीला कुणीतरी शाबासकी द्यावी असं वाटत होतं, आणि त्यासाठी मी दुसरीच्या पोटातलं वाक्य ताटात वाढून दिलं. साहेबांनी ते ऐकलं. दोनदा ऐकलं. मला म्हणाले, “सोनं आहे हे.” मी चक्क लाजले.

महिन्याभराने साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांच्याकडे टाइप केलेला अहवाल होता. खान्देशाबद्दल त्यात एक पान होतं आणि त्या पानाचा सारांश दोन शब्दांचा होता: ‘खान्देश रडतो.’ म्हणून जळगावकडे रडण्याची जाहिरात करायची. धुळ्याच्या पुरुषांनी बैलाबद्दल आस्थेने सांगितलं होतं, त्याचा अर्थ त्यांना ग्रामीण आणि मर्दानी काहीतरी हवं आहे असा काढला गेला. नायक पिक्चरमध्ये एकदा लाकडं फोडतो. धुळ्यातल्या पोस्टरवर तीच कुऱ्हाड त्याच्या डोक्यावर उगारलेल्या हातात दिली आणि मागे आग काढली. लंगड्या बैलाचं कुणालाच काही नव्हतं. चांगल्या शेतकऱ्यांना आधी विचारायचं आणि मग त्यांना मठ्ठ ठरवायचं, याला हे लोक शास्त्र म्हणत होते.

पिक्चर दिवाळीला लागला. लागायच्या आठवड्यात एका सकाळी मी बाजारात मेथीची जुडी निवडत होते. पोस्टरं लावलेली रिक्षा आली. आधी गाणं वाजलं, मग खर्जातला एक पुरुषी आवाज म्हणाला, “धरणगावकडची ही माऊली काय म्हणते, ऐका.” आणि मग तिचा आवाज आला. मनी अंडेर अशीच उनी व्हती. मागे व्हायोलिनं टाकली होती. शेवटी ‘चुकनू मी’, एकदा नाही, तीनदा, घुमवून. आणि लगेच टॉकीजचं नाव आणि खेळांच्या वेळा.

मी जुडी तशीच टाकली आणि रिक्षाच्या मागे पळाले. चौकात ती गाठली. चालवणारे चाचा वयस्क होते. मी जे काही ओरडले असेन ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, हमको क्या मालूम,” ते म्हणाले. “हम समझे कोई ॲक्टरनी है.” त्यांनी कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली आणि नुसतं गाणं लावून पुढे गेले. त्या सबंध प्रकरणात कळल्याबरोबर थांबलेला माणूस तो एकच. बाकीच्या रिक्षा तालुक्यातालुक्यांत गेल्या होत्या, आणि कॅसेटी भुसावळच्या वितरकाकडून गठ्ठ्याने आल्या होत्या.

मी एसटीडी बूथवरून मुंबईला फोन लावला. साहेब फोनवर आले ते आनंदात. त्यांना वाटलं, मी अभिनंदनाला फोन केला.

“मी त्या बाईंना शब्द दिला होता,” मी म्हणाले.

“नाव कुठे घेतलंय आपण?”

“आवाज आहे ना.”

“आवाजावरून कोण ओळखतं?”

आमच्याकडे विहिरीवर कोण खोकलं ते माणसं घरात बसून ओळखतात. हे मी त्यांना सांगितलं. ते हसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे बघा, त्या बाईंनी मन मोकळं केलं ते कशामुळे? पिक्चर बघून ना? मग ते पिक्चरचंच झालं.” बूथवाला काचेतून माझ्याकडे बघत होता. असं बोलणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं हे मला आजही माहीत नाही, शिव्या सोडून. शिव्या मी दिल्या, आणि त्यातल्या बऱ्याच आईच्या अहिराणीतल्या असल्यामुळे त्यांना त्या कळल्या नसाव्यात. कारण पुढे त्यांनी मला उत्कृष्ट कामाबद्दल कंपनीचं प्रमाणपत्र पाठवलं. ते मी अंघोळीच्या बंबात घातलं.

दुसऱ्या दिवशी मी धरणगावची एसटी धरली आणि तिथून तिच्या गावी गेले. ती अंगणात कापूस निवडत बसली होती, चांगला एकीकडे आणि किडका एकीकडे. मला बघून ती उठली नाही. रिक्षा धरणगावच्या बाजारात चार दिवसांपूर्वीच येऊन गेली होती आणि तिचा नवरा त्या दिवशी बाजारात होता.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“काहीच नही. तवयपासून घरमा बोलतस नहीत.”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. टेप, लाल पेन्सिल, समासातली ओळ, काहीही लपवलं नाही. मला वाटलं होतं ती मला हाकलून देईल. मी त्याची तयारी करून गेले होते. खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं, म्हणजे माझं ओझं हलकं झालं असतं. ती किडका कापूस वेगळा काढत राहिली. मग तिने एकच विचारलं.

“पहूरले गयथी का ती रिक्षा?”

मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “मंग पाही या.”

म्हणून मी पहूरला गेले. पहूर जामनेर तालुक्यात, जळगावच्या आग्नेयेला. तिकडची बोली निराळी. तिकडे ‘शे’ कुणी म्हणत नाही, आणि कुणी म्हटलं की पश्चिमेकडचं माणूस म्हणून लगेच ओळखू येतं. रिक्षा तिथे बाजाराच्या दिवशी आली होती आणि स्टँडजवळ बराच वेळ उभी होती. लोकांना त्या आवाजातल्या बोलीचं आधी हसू आलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या बाजूची सून गावात एकच आहे.

घर शोधायला मला त्रास पडला नाही. सासू ओट्यावर होती. तिने मला बसवलं, “च्या टाकते” म्हणून आत गेली आणि मुद्दाम वेळ लावला. ती वाईट बाई नव्हती. मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. पंचवीसेक वर्षांची, आईसारखीच ताठ. सासूशी ती तिकडच्या बोलीत बोलली होती. माझ्याशी आईच्या बोलीत बोलली.

“पयला शब्दलेच मी आवाज वळखा,” ती म्हणाली. “काय दिधं तिले त्यास्नी? लुगडं दिधं का?”

“कुंकवाची डबी,” मी म्हणाले. “पण त्यासाठी नाही बोलली ती. ती मला एकटीला बोलली होती. बाकी सगळं मी केलं.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्हले सांगं आनि तुम्ही लिखी दिधं.”

“हो.”

“आठे कोनलेच माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मी पळी गयथू हाई मना सासूनी बी झाकी ठेयेल व्हतं. आते मी बाहेर निंघनू का पानटपरीवरना लोके मनामांगे बोलतस, चुकनू मी, चुकनू मी.” तिने त्यांच्यासारखं हेल काढून म्हणून दाखवलं. मग म्हणाली, “बठ्ठा बजारले सांगं तिनी. माले नही सांगं.”

मी म्हणाले की तिला सांगायचं होतं, दिवाळीनंतर ती येणारच होती. चहा आला, मी प्यायले. निघताना ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिले सांगा, सांगनं व्हई ते माले येईसन सांग.”

हा निरोप मी जितक्या आनंदाने धरणगावकडे नेला तितक्या आनंदाने आयुष्यात काही नेलं नसेल. मला वाटलं, मी बिघडवलेलं मीच सुधारलं. आई लगेच तयार झाली. पुढच्याच आठवड्यात ती पहूरला गेली. येताना जळगाव स्टँडवर गाडी बदलावी लागते, म्हणून दुपारी मी तिथे थांबायचं असं आमचं ठरलं होतं.

ती उतरली तेव्हा हातातली पिशवी रिकामी होती. लेकीसाठी बिबड्या, ज्वारीचे पापड, नेल्या होत्या, त्या पोचल्या. आम्ही बाकावर बसलो. मी विचारायची वाट न बघता तिने सांगायला सुरुवात केली. लेकीने बसायला दिलं, पाणी दिलं. सासू उठून शेजारी गेली. दोघी चुलीपाशी बसल्या आणि लेक वाट बघू लागली, हे तिला कळलं.

“मंग बोललात ना, अक्का?”

“बोलनू,” ती म्हणाली. “चुकनू मी, एवढंच म्हनं. ते तिनी कानवर हात ठेवात. म्हने, आई, हाई नको, हाई मी रोज आयकस.”

मी चहा आणायला उठले, तर तिने हात धरून मला परत बसवलं.

“दुसरं काय सांगू, ताई?” ती म्हणाली. “दोन वरीस तेच जोडी ठेयेल व्हतं. मनाजोडे तेवढंच व्हतं.”

धरणगावची गाडी लागली. मी तिची पिशवी उचलायला गेले, तर ती म्हणाली रिकामीच आहे, राहू द्या, आणि स्वतःच चढली.